बोयाच्या खाली काय असतं

मला ओळखणारे बहुतेक लोक कवी म्हणून ओळखतात. दोन लहानसे संग्रह निघाले, चार संमेलनांत जेवणानंतरच्या सत्रात कविता वाचल्या, बस्स. घर चाललं ते कवितेवर नाही, एका नोंदवहीवर. कोकणातल्या एका खाडीकाठी, नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडं आत, हौशी मंडळींच्या शिडाच्या बोटींचा एक छोटा क्लब आहे. बी.ए. झाल्यावर काही वर्षं मुंबईत भटकून मी गावी परत आलो आणि १९९६ साली तिथे कारकून म्हणून लागलो. वर्गणीच्या पावत्या फाडायच्या, डिझेलचा हिशेब ठेवायचा आणि तिसरं काम म्हणजे बोटी ज्यांना बांधतात त्या मूरिंगची नोंदवही लिहायची. खाडीचं नाव सांगत नाही. पुढे एक चूक सांगायची आहे, आणि ती माझी एकट्याची नसली तरी वहीत सही माझी आहे. दाभोळपासून फार लांब नाही, एवढं पुरे.

संध्याकाळी पाहुणे धक्क्यावर येतात. समोर दहा-पंधरा बोटी पाण्यावर संथ डुलत असतात, मागे सूर्य बुडत असतो. पाहुणे फोटो काढतात. कवी असतील तर काठाशी बांधलेल्या नौकेला समुद्राची ओढ वगैरे लिहितात. मीही लिहिलंय. आमच्या तांडेलांना मी ती कविता एकदा वाचून दाखवली होती. ते म्हणाले, "भाऊसाहेब, बोटीला कसली ओढ? ओढ साखळीला असते." त्यांचं म्हणणं मला कळायला बरीच वर्षं गेली. चालत्या बोटीवर माणूस असतो, त्याचं लक्ष असतं. बांधलेली बोट मात्र रात्रंदिवस एकटी असते, आणि वर्षातले बहुतेक दिवस ती बांधलेलीच असते. तिचं सगळं बरंवाईट बोयाच्या खाली, आपल्याला न दिसणाऱ्या पाण्यात ठरतं.

तर बोयाच्या खाली काय असतं? तळाशी एक जड वस्तू असते. आमच्याकडे सिमेंट काँक्रीटचे ठोकळे आहेत, काही ठिकाणी जुने लोखंडी नांगर वापरतात. त्या ठोकळ्याला एक जाड साखळी जोडलेली असते, ती तळावरच लोळत पडलेली असते. तिच्या टोकाला दुसरी, जरा बारीक साखळी, ती वर बोयापर्यंत येते. मध्ये एक भोवरकडी असते. बोट दिवसभर वाऱ्या-पाण्याबरोबर गोल फिरते. भोवरकडी नसेल तर साखळीला पीळ पडत पडत ती आखडून जाते. मग बोया, आणि बोयापासून बोटीच्या नाळेवरच्या खुंटापर्यंत दोर. जोडाजोडीला शॅकल, म्हणजे पेच असलेली लोखंडी कडी. या साखळीतला एक दुवा सुटला तर बाकीचे सगळे कितीही मजबूत असोत, बोट गेली.

ठोकळ्याबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण आमच्या सभासदांत इंजिनिअर होते, डॉक्टर होते, पण हे बहुतेकांच्या ध्यानात येत नसे. काठावर एक टन भरलेला काँक्रीटचा ठोकळा समुद्राच्या पाण्यात एक टन राहत नाही. जितकं पाणी तो बाजूला सारतो तितकं वजन कमी होतं. काँक्रीट पाण्याच्या साधारण २.४ पट जड. हिशेब केला तर हजार किलोच्या ठोकळ्याचे पाण्यात पावणेसहाशे किलोसुद्धा उरत नाहीत. लोखंडाचं तसं नाही. हजार किलो लोखंडातले जेमतेम १३० किलो जातात. म्हणून काँक्रीट वापरायचं तर काठावरच्या वजनाला भुलून चालत नाही. चिखलात रुतून बसला तर ठोकळा अधिक धरतो हे खरं, पण नवा टाकलेला ठोकळा लगेच रुतत नाही, आणि वाळूवर तर नाहीच नाही.

आता ओढीकडे येऊ. ठोकळा काय किंवा नांगर काय, आडवी ओढ दिली तर तो धरतो, सरळ वर ओढला तर उचलला जातो. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. नांगराचा फाळ जमिनीत घुसतो तो बैल पुढे ओढतात म्हणून. वर उचलला की तो बाहेर. म्हणून साखळी पाण्याच्या खोलीपेक्षा पुष्कळ लांब सोडायची. आणि खोली मोजायची ती ओहोटीची नव्हे, उधाणाच्या भरतीची. समजा ओहोटीला तीन मीटर पाणी आहे, भरतीला अडीच मीटर चढतं, आणि नाळ पाण्यापासून एक मीटर उंच आहे. तर हिशेब साडेसहा मीटरचा. नांगर टाकून थांबणारा त्याच्या पाचपट दोर सोडेल, म्हणजे साडेबत्तीस मीटर. सगळीच साखळी असेल तर कमीत भागतं, कारण साखळी स्वतःच्या वजनानं झोळ पडून लटकते आणि धक्का आला की तो झोळ आधी सरळ होतो. तोवर धक्क्याचा जोर ओसरतो. तळावर लोळणारी जाड साखळी असते ती याचसाठी. अनेकांना वाटतं, ती उगाच जास्तीची टाकली आहे. एका सभासदानं एकदा मला पत्र लिहून विचारलं होतं की तळाशी पडून राहणाऱ्या साखळीचे पैसे आम्ही का भरावेत!

भरतीची वेळ काढायला आमच्याकडे पूर्वी छापील तक्ता लागत नसे. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. येतील तितक्या वाजता भरती पुरी. पंचमी असेल तर पावणेचार. अष्टमीला सहा. हिशेब ढोबळ आहे, जागेप्रमाणे मागेपुढे होतो, पण होडी लोटायला पुरतो. आमचे तांडेल तिथी मोजत, माझे अब्बा चांदच्या तारखा. चांद दिसल्यावर महिना सुरू होतो म्हणून अब्बा एक-दोन तारखा वाढवून घेत, पंधरानंतर पंधरा वजा करत, आणि उत्तर दोघांचं जवळजवळ एकच येई. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि जोरात धावतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी मऊ. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरवर चढतं, दक्षिणेकडे रत्नागिरी, मालवण, गोवा असं उतरत जावं तसा हा चढउतार कमी होत जातो. म्हणून मुंबईच्या माणसानं सांगितलेली साखळीची लांबी आमच्याकडे तशीच्या तशी लागू पडत नाही, आणि आमची मुंबईत तर मुळीच नाही.

बोट जेवढी लांब बांधाल तेवढं मोठं वर्तुळ ती फिरणार. दोन बोटींची वर्तुळं एकमेकांत आली की आदळाआपट. तुम्ही म्हणाल, सगळ्या बोटी एकाच दिशेनं फिरतात ना, मग आदळतील कशा? समुद्रात एक वेळ तसं होईल. नदीच्या तोंडाशी वारा एकीकडे ढकलतो आणि ओहोटी दुसरीकडे ओढते. ज्या बोटीचा पाण्याखालचा भाग खोल, जड, ती पाण्याचं ऐकते. जी उथळ, हलकी, वर उंच टप असलेली, ती वाऱ्याचं ऐकते. शेजारी शेजारी बांधलेल्या अशा दोन बोटी ओहोटीच्या वेळी खाडीवरून वारा सुटला की एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहतात, आणि पाणी फिरलं की समोरासमोर येतात. आमच्या नोंदवहीत बोटींची पहिली मांडणी वर्गणीच्या दर्जानुसार होती, मोठ्या सभासदांच्या बोटी धक्क्याजवळ. तांडेलांनी ती दोन वर्षांत मोडून काढली आणि वाऱ्याच्या बोटी एकीकडे, पाण्याच्या बोटी दुसरीकडे अशा लावल्या. त्यावरून कमिटीत बरीच बाचाबाची झाली. बोटींच्या टकरी मात्र थांबल्या.

वेगाचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर साखळीवरची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. वाऱ्याचंही तेच. म्हणून रोज शांतपणे बोट सांभाळणारी साखळी एका रात्रीत तुटते तेव्हा 'अचानक तुटली' असं म्हणतात, पण त्यात अचानक काही नसतं. पावसाळ्यात तर डोंगरातून आलेला लोंढा आणि ओहोटी एकाच दिशेनं धावतात, त्यात उन्मळून आलेली झाडं असतात. असं एक झाड साखळीत अडकलं की बोट आणि झाड दोघांचा भार त्याच कडीवर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं तेव्हा कोकणातली नदी काही तासांत काय करू शकते ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पावसाळ्यात बोट पाण्यात ठेवायचीच नाही, ओढून वर घ्यायची आणि झापांनी शाकारायची, हा आमच्या किनाऱ्याचा जुना रिवाज आहे, आणि एवढी नवी साधनं आल्यावरही त्याला तोड नाही.

आता ती चूक.

मूरिंगची तपासणी वर्षातून दोनदा व्हायची, मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात बोटी पाण्यात उतरण्याआधी. तपासणी म्हणजे साखळी वर काढून कडी न् कडी बघणं. आमच्या खाडीचं पाणी गढूळ, पाणबुड्याला खाली स्वतःचा हात दिसत नाही, म्हणून वर काढल्याशिवाय काही कळत नाही. २००९ च्या ऑक्टोबरात चौदा मूरिंगपैकी नऊ वर काढून झाली होती. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली, सभासदांना बोटी हव्या होत्या, आणि कमिटीतून निरोप आला की उरलेली वरून बघून घ्या. वरून बघणं म्हणजे बोया उचलून हात-दीड हात साखळी पाहणं. तेवढी पाहिली. चांगली होती. तांडेल म्हणाले, "वरची चांगलीच असणार हो, तळाशी घासते ती बघायला हवी." मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात काढू." आणि वहीत पाचही क्रमांकांपुढे 'तपासले, ठीक' असं लिहून सही केली. अक्षर माझं चांगलं आहे. अजूनही ती ओळ वाचता येते.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकणच्या किनाऱ्यानं वर गेलं. त्या दिवशी किती मच्छीमार समुद्रात होते आणि त्यातले किती परत आले नाहीत, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. आमच्यासमोर नुसती हौशी बोटींची काळजी होती, म्हणजे खरं तर लहान गोष्ट. तिथीनं भांगाचे दिवस होते, पाण्याची ओढ कमी होती. जे काही होतं ते वाऱ्याचं आणि लाटांचं. सकाळी अकरा नंबरच्या मूरिंगवरची बोट सुटली आणि धक्क्याच्या दिशेनं आली. धक्क्यावर तांडेलांचा मुलगा होता, एकोणीस वर्षांचा. त्यानं बोटीचा लोंबता दोर पकडला, हाताला एक वेढा घेतला आणि दुसरा वेढा धक्क्यावरच्या खुंटाला टाकायला वाकला. तेवढ्यात लाटेनं बोट मागे खेचली. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं दोर आणि खुंट यांच्यामध्ये सापडली.

बोट वाचली. ती पुढे विकली गेली, अजूनही कुठेतरी चालत असेल.

वादळ गेल्यावर आम्ही अकरा नंबरची साखळी वर काढली. तुटली होती ती तळाजवळ, बरोबर त्या जागी जिथे साखळी तळावरून उठते आणि पुन्हा तळावर पडते. दर लाटेला ती उठते, आपटते, कडीवर कडी घासते. वरच्या कड्या बारा मिलिमीटरच्या, नव्यासारख्या. तुटलेल्या जागी कडी पाच मिलिमीटरवर आली होती, आणि पेन्सिलीला टोक करावं तशी एका बाजूनं झिजली होती. शॅकल शाबूत, ठोकळा शाबूत, दोर शाबूत. मी सही केली होती ती हात-दीड हात साखळीवर.

त्यानंतर मी साखळीबद्दल वाचायला लागलो. कवी माणूस, पण आकड्यांना भिऊन चालणार नव्हतं. कडीची ताकद तिच्या जाडीवर नसते, कापलेल्या तोंडाच्या क्षेत्रफळावर असते. बाराची कडी नऊवर आली, म्हणजे पाव जाडी गेली, तर ताकद पावानं नाही, जवळजवळ निम्म्यानं जाते. पाचवर आली तर पाचवा हिस्सासुद्धा धड उरत नाही, आणि हे गंजाचे खड्डे न धरता. मोठ्या जहाजांच्या नियमांत नांगराच्या साखळीची सरासरी जाडी बारा टक्क्यांनी घटली की तो तुकडा बाद करतात. आमच्या वहीत त्याआधी जाडीचा रकानाच नव्हता. 'ठीक' किंवा 'ठीक नाही', एवढे दोनच शब्द.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. चिखलात पुरलेलं लोखंड सुरक्षित असतं, तिथे हवा नाही, मग गंज कसला, असं आम्ही समजत होतो. पण बिनहवेच्या काळ्या चिखलात वाढणारे काही जिवाणू असतात, पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे. ते लोखंडाला पोखरतात. खाडीचा चिखल उकरला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो त्यांच्याच कारभाराचा. दुसरं, स्टेनलेस स्टीलचं शॅकल चकचकीत दिसतं म्हणून लोक हौसेनं आणतात आणि जस्त चढवलेल्या साध्या साखळीला जोडतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की विजेच्या सेलसारखी क्रिया सुरू होते आणि कमी दर्जाचा धातू झिजतो. म्हणजे शॅकल तसंच चकचकीत राहतं आणि शेजारची कडी खलास होते. शॅकल साखळीच्याच जातीचं असावं आणि त्याचा पेच तारेनं बांधून टाकावा. न बांधलेला पेच लाटांच्या थरथरीनं आपोआप उलगडत जातो. ही तार चार आण्याची वस्तू, पण मी पाहिलेल्या सुटलेल्या बोटींपैकी दोन केवळ तिच्या अभावी सुटल्या.

साखळी वर काढायला क्रेन लागते, खर्च होतो, ही कमिटीची तक्रार खोटी नव्हती. त्यावर उपाय तांडेलांकडे होता, त्यांच्या बापजाद्यांचा. उधाणाचा दिवस धरायचा. पुरी ओहोटी झाली की दोन पडाव शेजारी शेजारी आणून त्यांच्यावर आडवा वासा टाकायचा आणि साखळी ताठ ओढून त्या वाशाला बांधायची. मग बसून राहायचं. भरती चढते तसे पडाव चढतात आणि टनभराचा ठोकळा चिखलातून आपोआप सुटतो. सहा तासांचं काम, त्यातले साडेपाच तास चहा आणि गप्पा. भरतीला पगार द्यावा लागत नाही, असं तांडेल म्हणत. २०१० पासून आम्ही एकही मूरिंग वरून तपासलं नाही. यात एक धोका मात्र आहे. ठोकळा सुटताना पडाव एकदम उसळतात, त्या वेळी वाशाजवळ कुणी बसायचं नाही आणि साखळीच्या रेषेत तर उभंच राहायचं नाही.

दोराबद्दल थोडं. अब्बांच्या वेळी काथ्याचे दोर असत. काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो, तरंगतो, ताणही खातो, पण ताकद बेताची, म्हणून दोर मनगटाएवढे जाड. आता नायलॉन. नायलॉन ताणलं जातं आणि धक्का पचवतं, म्हणून बोट बांधायला ते चांगलं. बाजारात मिळणारा निळा-हिरवा तरंगणारा स्वस्त दोर बांधायला घेऊ नये. तो उन्हानं कडक होतो, त्याचा भुगा पडायला लागतो. नायलॉन भिजलं की त्याचीही ताकद थोडी कमी होते. साधी गाठ मारली तर गाठीपाशी दोराची ताकद पुष्कळ कमी होते, कधी कधी निम्मीच उरते. पेड उलगडून परत गुंफून केलेला फासा असेल तर फार थोडी कमी होते. आमच्याकडच्या खलाशांना हे गुंफणं जन्मजात येतं असं वाटायचं, आता त्यांच्या मुलांना शिकवावं लागतं.

दोर तुटतो तो बहुतेक वेळा मधून नाही, नाळेच्या कडेवर जिथे घासतो तिथून. लोक तिथे बागेच्या पाइपचा तुकडा चढवतात. रोजच्याला ठीक. पण वादळात नायलॉन ताणून सैल होताना आतून तापतं, आणि बंद पाइपात ती उष्णता अडकते, पाणी आत जात नाही. मग दोर आतल्या आत वितळून तुटतो. त्यापेक्षा कातडं किंवा जाड कॅनव्हास गुंडाळावा, तो ओला राहतो. आणि दोर एक नको, दोन हवेत. दुसरा थोडा लांब, म्हणजे पहिला शाबूत आहे तोवर दुसऱ्यावर भार येत नाही.

नव्या सभासदाला ही सगळी माहिती द्यायच्या आधी मी एक सूचना करत असे. बोट हातानं थांबवायची नाही. एक टन वजनाची बोट माणसाच्या चालीनं सरकत असली तरी ती तुमच्या हाताचं ऐकत नाही. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. खुंटाला वेढा आधी, हात नंतर, आणि हात खुंटापासून लांब. बोट धक्क्यावर आदळणार असेल तर मध्ये जुनं टायर सोडा, पाय घालू नका. आदळली तर आदळू द्या. बोयाकडे जाताना पाण्याच्या प्रवाहाच्या उलट दिशेनं जायचं, म्हणजे वेग आपोआप मरतो. आणि काठापासून बोटीपर्यंत लहान होडीतून जाताना लाइफ जॅकेट घालायचं. आमचे लोक याला हसतात, पोहता येतं म्हणतात. पण बुडण्याचे प्रसंग मोठ्या सफरीत कमी आणि या पन्नास मीटरांत जास्त येतात. होडीत जादा माणसं, हातात पिशव्या, अंधार, आणि एकजण एका बोटीतून दुसरीत पाय टाकतो तोच होडी सरकते.

पावसाचं एक सांगायचं राहिलं. उघडी बोट बांधून ठेवली की ती तळातून गळूनच बुडते असं नाही, वरूनही भरते. सहा मीटर लांब, दोन मीटर रुंद बोट धरा, उघडा भाग दहा चौरस मीटर. एका रात्रीत दोनशे मिलिमीटर पाऊस पडला, आणि कोकणात तो पडतो, तर दोन हजार लिटर पाणी. दोन टन. ताडपत्री टाकली तर तिला उतार हवा. सपाट ताडपत्रीत पाणी साठून तिचा हौद होतो.

बावटा लागला की काय करायचं, हेही नव्या वहीत पहिल्याच पानावर लिहून घेतलं. शिडं उतरवून खोलीत न्यायची, गुंडाळून ठेवलेलं शीड वाऱ्यानं सुटतं आणि मग बोट मूरिंगलाच बांधलेली असताना पळायला लागते. दोर दुप्पट करायचे. वेळ असेल तर बोट वर काढायची. आणि बोटीवर किंवा धक्क्यावर राखणीला माणूस ठेवायचा नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात तेलविहिरींच्या कामावरची एक मोठी बार्ज, पी-३०५, तिचे नांगर सुटून वाहत गेली आणि १७ मे ला बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती, सत्तरहून अधिक गेली. त्या बार्जच्या नांगरांपुढे आमच्या साखळ्या म्हणजे गळ्यातल्या चेन. मी ती बातमी वाचत होतो तेव्हा नोकरी सोडून मला दोन वर्षं झाली होती. तरी क्लबात फोन केला. तिकडून सांगितलं, बोटी वर काढल्यात, धक्क्यावर कोणी नाही.

फोनवर तांडेलांचा मुलगा होता. तांडेल गेल्यावर मूरिंगचं काम त्याच्याकडे आलं. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी आहे, मधली तीन नाहीत. २००९ नंतर त्यानं मला कधी काही बोलून दाखवलं नाही. त्याच्या वडिलांनीही नाही. क्लबानं दवाखान्याचा खर्च केला, त्यापलीकडे काही केलं नाही, आणि मीही त्या वेळी कमिटीपुढे उभं राहून 'मी न बघता सही केली' असं म्हटलं नाही. ते मी पहिल्यांदा २०१० च्या मे महिन्यात, पडावावर, भरतीची वाट पाहत बसलो असताना तांडेलांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. थोड्या वेळानं म्हणाले, "भाऊसाहेब, वहीत जाडीचा रकाना आखा."

तो रकाना अजून आहे. यंदाच्या मे महिन्यातही मी गेलो होतो, उधाणाचा दिवस पाहून. पडावांवर वासा टाकलेला होता. मुलगा आता पस्तिशीत आहे. साखळी वर आली की तो तारेच्या ब्रशनं ती घासतो, डाव्या हातात व्हर्नियर धरतो, प्रत्येक दहावी कडी आणि तळाजवळची प्रत्येक कडी मोजतो आणि आकडा मोठ्यानं सांगतो. पेन माझ्या हातात दिलं. अकरा नंबरच्या साखळीत तळाजवळ सगळ्यात बारीक कडी दहा पूर्णांक चार भरली. त्यानं पुन्हा मोजली, दहा पूर्णांक चार. मी लिहिलं, आणि पुढे 'तुकडा बदलणे' असं लिहून तारीख घातली. सही त्यानं केली, अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये पेन धरून, सावकाश.